जयपूरच्या चुलीवरची कैरी

चैत्र शुद्ध तृतीयेच्या सायंकाळी जयपूरच्या त्रिपोलिया दरवाज्यातून गणगौरीची स्वारी बाहेर पडते. हत्ती, उंट, निशाणे, वाजंत्री आणि मधोमध अलंकारांनी नटलेली गौर, असा तो थाट असतो. होळीनंतरच्या दिवसापासून घराघरांतून तिची पूजा चाललेली असते आणि मिठाईच्या दुकानांत घेवरांच्या चळती लागलेल्या असतात. त्याच तृतीयेला त्याच शहरातल्या मराठी घरात चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. गौर तीच, तिथीही तीच. परंतु आमच्या गौरीपुढे वाटली डाळ आणि पन्हे ठेवावे लागते आणि या दोहोंना कैरी लागते. कोकणात त्या दिवसांत कैऱ्यांचे घड लोंबत असतात. उत्तरेकडच्या आंब्यावर मात्र मोहोर नुकताच झडून वाटाण्याएवढी फळे दिसू लागलेली असतात. तेव्हा चैत्रगौरीची कैरी जयपुरात आणावी कोठून, हा प्रश्न माझ्या लहानपणी आमच्या आईपुढे दरवर्षी उभा राही आणि दरवर्षी ती तो काही ना काही करून सोडवी.

श्रोतेहो, आजचे माझे भाषण त्या कैरीविषयी, आणि तिच्या निमित्ताने जयपूरच्या घरगुती स्वयंपाकात शिरलेल्या उष्ण प्रदेशांतील फळांविषयी आहे. विषय चुलीपाशी सुरू होत असला, तरी त्याला इतिहास आहे. राजवाड्यांचा इतिहास दगडात आणि दप्तरात जपला जातो. स्वयंपाकघराचा इतिहास पदार्थांच्या नावांत, भांड्यांच्या घडणीत आणि बायकांच्या हातांत राहतो. तो वाचण्याची रीत थोडी वेगळी, एवढेच.

प्रथम भूगोल पाहू. कर्कवृत्त राजस्थानच्या अगदी दक्षिण टोकाला, बांसवाड्याजवळून जाते. जयपूर त्याच्या उत्तरेला सुमारे साडेतीन अंशांवर आहे. म्हणजे ज्याला आपण शास्त्रीय अर्थाने उष्ण कटिबंध म्हणतो, त्याच्या बाहेर. उन्हाळा तिथे कोकणापेक्षा कितीतरी कडक असतो. पण आंबा, केळ, फणस, अननस यांना नुसते ऊन पुरत नाही, ओलावाही लागतो. रत्नागिरीला वर्षाकाठी ३०० सेंटीमीटरहून अधिक पाऊस पडतो. जयपूरला साधारण ६० सेंटीमीटर. शिवाय पौष-माघात थंडीची लाट आली, की केळीची पाने एका रात्रीत करपतात. त्यामुळे जयपूरच्या दृष्टीने ही बहुतेक फळे पाहुणी आहेत, आणि पाहुण्याला घरी जो मान मिळतो, तो घरच्या माणसाला सहसा मिळत नाही.

जिथे फळ विपुल, तिथे ते बहुधा झाडाखालीच खाल्ले जाते. देवगडच्या मुलाला आंबा शिजवून खाण्याची फारशी गरज नसते. पिकून खाली पडणाऱ्या आंब्यांचे काय करावे, हीच त्याच्या आईची विवंचना असते. ती आटवून साट घालते, आंबापोळी वाळवते, आणि हे सगळे पावसाच्या धास्तीने घाईघाईत करते. जिथे फळ दुरून, मोजके आणि बहुधा कच्चेच येते, तिथे मात्र गृहिणी त्याला निराळ्या नजरेने पाहते. ते पुरवायचे कसे, त्यातून भाकरीबरोबर खाण्याजोगे कालवण कसे काढायचे, हा तिचा विचार असतो. जयपूरकडची फळांची पाककला अशी गरजेतून आलेली आहे. तिथे पेरूची भाजी करतात. घट्ट पेरूच्या बिया काढून, तेलात हिंग-जिरे, बडीशेप आणि लाल तिखट घालून रसदार भाजी होते. कच्च्या फणसाला तिथे कटहल म्हणतात आणि त्याला मसाल्याच्या रश्श्यात जागा मिळते; पिकलेल्या गऱ्यांची आवड तिकडे विरळाच. करवंदे हिरव्या मिरचीबरोबर परतून करौंदा-मिर्च होते. आपण ज्याला भोकर म्हणतो, ते तिकडे गूंदा किंवा लेसवा या नावाने लोणच्याच्या बरणीत पडते. मतीरा नावाचे वाळवंटी कलिंगड खाल्ल्यावर त्याची पाठसुद्धा वाया जात नाही. तिची भाजी होते.

ही बाहेरची फळे या मुलखात आली कशी? जयपूर शहर वसण्यापूर्वी कछवाह्यांची राजधानी आमेरला होती, आणि आमेरचे राजे अकबराच्या काळापासून मोगलांचे मोठे मनसबदार होते. राजा मानसिंग काबूलकडे गेला, तसाच बंगालच्या सुभ्यावरही राहिला. एका हाताला काबूलचा सुका मेवा आणि दुसऱ्या हाताला बंगालचा आंबा, अशी त्या घराण्याच्या प्रवासाची दोन टोके होती. अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली, तीत शाही फळखात्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे अननसाला त्याने ‘कटहल-इ-सफरी’, म्हणजे प्रवासी फणस, असे नाव दिले आहे. कारण त्याचे रोप कुंडीत लावून प्रवासात बरोबर नेता येते आणि त्याला फळ धरते. पुढे जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येते आणि आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी त्याची हजारो फळे निघतात. अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांवर चढलेला अननस शंभर वर्षांच्या आत आग्र्याच्या बादशाही बागेत रुजला होता. आग्र्याहून जयपूरकडची वाट काही लांब नाही.

पेरूची कथा याहून गमतीची आहे. तोही अमेरिकेचाच. परंतु फारसी जाणणाऱ्या उत्तरेतल्या लोकांना त्यात त्यांच्या ओळखीचे नाशपतीसारखे फळ दिसले असावे, म्हणून त्यांनी त्याला ‘अमरूद’ म्हटले. फारसीत अमरूद म्हणजे नाशपती. गुजरातेत ते जामफळ झाले आणि आपल्याकडे पेरू. एकच फळ, तीन प्रांत, तीन नावे.  गोव्यात त्याच पेरूचा गर साखरेत आटवून ‘पेराद’ नावाची वडी करतात आणि ती नाताळच्या ताटात मांडतात. जयपुरात त्याची भाजी होते. फळ एकाच प्रवासाने आले. गोव्यात त्याला साखर भेटली, जयपुरात लाल तिखट भेटले.

आता मराठी माणसाचा आणि जयपूरचा संबंध पाहू. सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसविले. त्याचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. ब्रह्मपुरीत त्यांच्या नावाची हवेली अजून आहे. युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट यांनाही परंपरा महाराष्ट्रीयच मानते. शहर वसून पुरती दहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा एक मोठी मराठी यात्रा त्याच्या वेशीतून आत आली. थोरल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या. उदेपूर, नाथद्वारा करीत त्या पावसाळ्यात जयपुरी पोहोचल्या. सवाई जयसिंहाने त्यांचा मोठा आदरसत्कार केला आणि पुढच्या वाटेवर संरक्षण दिले. इतिहासकार या यात्रेचे राजकारण सांगतात, आणि ते खरेही आहे. पेशव्यांच्या आईला उत्तरेतल्या राजांनी दिलेला मान हा पेशव्यांच्या सत्तेला दिलेला मान होता.

परंतु मला त्या यात्रेच्या मागून चालणारी माणसे दिसतात. राधाबाई विधवा होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे सोवळे कडक असणार, म्हणजे स्वयंपाक आपल्याच माणसांच्या हातचा. अशा यात्रेबरोबर आचारी असतात, पाणक्या असतात, भांडी असतात. त्या आचाऱ्याला रोज सकाळी जयपूरच्या बाजारात जावे लागले असेल. आषाढ-श्रावणात तिथे उशिरा येणारे उत्तरेकडचे आंबे असतात, करवंदे असतात, लिंबे असतात. आपल्याकडचा नारळ आणि आमसूल मात्र तिथे सहज मिळणारी नव्हेत. पुण्याच्या आचाऱ्याने आमटीला आंबट कशाने केले असेल? हाताशी अमचूर होते. कोकणातली बाई कैरीच्या फोडी मीठ लावून वाळवते आणि तिला आंबोशी म्हणते; उत्तरेतली बाई तीच फोड वाळवून कुटते आणि तिला अमचूर म्हणते. मी हे अनुमानाने सांगतो आहे, पुराव्याने नव्हे. परंतु दोन प्रांतांची ओळख दरबारात होते तशी ती भाजीच्या टोपलीपाशीही होते, आणि टोपलीपाशी होणाऱ्या ओळखीला तहनामा लागत नाही.

या ओळखीच्या दुसऱ्या बाजूकडेही डोळेझाक करता येत नाही. जयसिंहाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांत गादीचा तंटा लागला आणि मराठे त्यात पडले. मल्हारराव होळकरांनी माधोसिंगाचा पक्ष घेतला. १७५०च्या डिसेंबरात ईश्वरीसिंगाने मराठ्यांच्या तगाद्याला कंटाळून आत्महत्या केली. माधोसिंग गादीवर बसला, पण खंडणीची मागणी चालूच राहिली. आणि १७५१च्या जानेवारीत शहराच्या तटाच्या आत आलेल्या मराठ्यांवर जयपूरकर उठले. त्या दिवशी मोठा संहार झाला. जयपुरात वाढलेल्या मराठी मुलाला शाळेतल्या इतिहासात हे प्रकरण कधी ना कधी भेटतेच. तेव्हा त्याला प्रश्न पडतो, की आपण या शहरात कोणाचे कोण? मलाही तो पडला होता.

त्याचे थोडेसे उत्तर मला एका वाटीतून मिळाले. आमच्या शेजारच्या जयपुरी घरातून उन्हाळ्यात एकदा लौंजीची वाटी आली. आईने बोट लावून पाहिले आणि म्हणाली, “अगबाई, हा तर मेथांबा!” कैरीच्या सोललेल्या फोडी, मेथ्या, हिंग, हळद, तिखट, मीठ आणि गूळ. आमच्या मेथांब्यात मोहरीची फोडणी. त्यांच्या लौंजीत बडीशेप आणि कलौंजी. बाकी कृती तीच. तेलात मसाला तडतडला, की फोडी परतायच्या, थोडे पाणी घालून शिजवायच्या आणि फोडी मऊ झाल्यावरच गूळ घालायचा. आधी घातला तर फोडी टणक राहतात. ही खूण दोन्ही घरांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून आमचा मेथांबा शेजारी गेला. रिकामी वाटी परत देऊ नये, हा नियमही दोन्हीकडे सारखाच होता.

मग मी विचार करू लागलो, की यात कोणी कोणाकडून घेतले? मराठ्यांनी जयपूरला मेथांबा दिला, की जयपूरहून लौंजी दक्षिणेला आली? पुढे ध्यानात आले, की हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही घरांनी एकाच जुन्या कोठारातून घेतले आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण आहे आणि पेयांचेही आहे. संस्कृतातले ‘पानक’ म्हणजे आपले पन्हे आणि तेच उत्तरेतले पना. कैरी निखाऱ्यात भाजावी, साल काढून गर कुसकरावा, त्यात मीठ, जिरे आणि गूळ वा साखर घालून थंड पाण्यात मिसळावा, हे जयपुरात लू लागू नये म्हणून करतात आणि पुण्यात चैत्रगौरीसाठी करतात. एकीकडे औषध, एकीकडे नैवेद्य, पेला तोच.

काही वस्तू मात्र खरोखर बाहेरून आल्या आणि दोन्ही घरांनी त्या आपल्या करून घेतल्या. मुरंबा पहा. मूळ शब्द अरबी ‘मुरब्बा’. त्याचा अर्थ जोपासलेला, जतन केलेला. तो फारसीतून आपल्याकडे आला. पण मराठी कानाला त्याच्या शेवटी आंबा ऐकू आला, आणि मुरब्ब्याचा मोरांबा झाला. त्याच्याच शेजारी साखरांबा आणि गुळांबा बसले, ते मात्र अस्सल घरचे. म्हणून आपल्याकडे मोरांबा म्हटले, की आंबाच डोळ्यांपुढे येतो. जयपुरात मुरब्बा म्हणजे बहुधा आवळ्याचा. जयपूर जिल्ह्यात आवळ्याच्या बागा आहेत. त्यांची फळे टोचून, चुन्याच्या वा तुरटीच्या पाण्यात ठेवून, उकडून, साखरेच्या पाकात मुरवतात. साखरेचे काम दोन्हीकडे एकच. ती फळातले पाणी धरून ठेवते, मग बुरशीला वाढायला पाणी उरत नाही. हे शास्त्र आज शाळेत शिकवतात. ते माहीत नसतानाही ‘पाक एकतारी झाला का पहा’ असे सांगणारी आजी तेच शास्त्र चालवीत होती.

ज्या बरणीत हा मुरब्बा राहतो, तिला जयपुरात मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशात मर्तबान नावाचे जुने बंदर आहे. तिथून चकाकी दिलेले मोठे रांजण जहाजांतून देशोदेशी जात आणि त्या बंदराचे नाव रांजणांना चिकटले. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरातली बाई लोणच्याची बरणी उतरवताना एका बंदराचे नाव घेते. तिला ते ठाऊक नसते. पण इतिहास ठाऊक नसलेल्या माणसाच्या तोंडीही तो बोलत राहतो.

इथवर मी आलेल्या फळांविषयी बोललो. आता राहणाऱ्यांविषयी बोलले पाहिजे. केर आणि सांगरी ही दोन नावे राजस्थानात गेलेल्या कोणत्याही पाहुण्याच्या कानावर पडतात. केर म्हणजे संस्कृतातला करीर. पाने जवळजवळ नसलेल्या काटेरी झुडपाची ती हिरवी, कडवट फळे. ती मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस ठेवली, म्हणजे कडूपणा जातो. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघनाला जाऊन ज्या शमीची आपण पूजा करतो, जिच्यात पांडवांनी शस्त्रे लपविली अशी कथा आहे, तीच. आमच्या आईला हे प्रथम कळले, तेव्हा तिने सांगरीची पहिली भाजी देवापुढे ठेवून मग वाढली. १९८३ साली राजस्थान सरकारने खेजडीला राज्यवृक्षाचा मान दिला.

या केर-सांगरीचा इतिहास गोड नाही. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, राजस्थानात जो भीषण दुष्काळ पडला, त्याला लोक अजून ‘छपनिया’ म्हणतात. धान्य संपले, गुरे मेली, माणसे गावे सोडून निघाली. अशा दुष्काळांत माणसांनी रानातली फळे, शेंगा, इतकेच नव्हे तर खेजडीची सालसुद्धा खाऊन दिवस काढले. पाऊस नसला तरी केर आणि खेजडी तग धरतात. त्यांची मुळे फार खोल जातात. त्यांच्या शेंगा वाळवून ठेवल्या, तर वर्षांनुवर्षे टिकतात. आज हीच वाळलेली सांगरी बाजारात सुक्या मेव्याच्या जवळपास जाणाऱ्या भावाने विकली जाते आणि लग्नाच्या पंगतीत तिचा पदार्थ नसेल, तर यजमानाला कमीपणा वाटतो. दुष्काळाचे अन्न मेजवानीचे झाले. आनंदाने खावे, पण खाताना ते कोणी, कोणत्या दिवसांत शोधून काढले, याची आठवण असावी. भुकेल्या मुलाला काय देऊ, या प्रश्नातून हे पदार्थ निघाले. ते शोधणाऱ्या बायकांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

जयपूरच्या बाजाराचे रूप बदलले ते रेल्वेने. १८७०च्या दशकात आग्र्याकडून बांदीकुईमार्गे लोहमार्ग जयपूरला पोहोचला, पुढे अजमेरकडे गेला आणि नंतरच्या दशकाच्या आरंभी अहमदाबादेशी जोडला गेला. पूर्वी आग्र्याकडची फळे घाटाच्या वाटेने उंटांवर आणि गाड्यांवर येत. आता ती डब्यांतून येऊ लागली. पण मार्ग मीटरगेजचा, अरुंद. मुंबईहून येताना सवाई माधोपूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसावे लागे. माझ्या लहानपणी रत्नागिरीहून मामाने पाठविलेली आंब्याची पेटी तिथेच गाडी बदले, आणि जी पेटी एक दिवस फलाटावर अडके, ती घरी पोहोचेपर्यंत तिच्या वासानेच आपली कहाणी सांगे. गवत बाजूला करून आई एकेक आंबा हाताने चाचपी आणि तीन ढीग करी. आजचे, उद्याचे आणि शिजवायचे. तिसऱ्या ढिगातला गर काढून, आटवून तिने केलेला साखरांबा दिवाळीपर्यंत पुरे. चैत्रातली कैरीही त्याच वाटेने, कुणा येणाऱ्या माणसाच्या पिशवीतून येई. १९९०च्या दशकात हा मार्ग रुंद झाला आणि सवाई माधोपूरला गाडी बदलण्याचा त्रास संपला.

त्या सवाई माधोपूरची आणखी एक गंमत आहे. होळकरांनी ज्याला गादी मिळवून दिली आणि ज्याच्या राज्यारोहणानंतर जयपुरात मराठ्यांचा संहार झाला, त्या माधोसिंगाने १७६३ साली हे गाव वसविले. आज हा जिल्हा राजस्थानात पेरूसाठी प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत तिथले पेरू जयपूरच्या हातगाड्यांवर रचलेले असतात; काप करून वर मीठ-तिखट भुरभुरून विकतात. अमेरिकेतले फळ, फारसी नाव, राजपूत राजाचे गाव, आणि ते विकत घेणारा मी मराठी. इतिहासातली वैरे अशी कधी फळांच्या टोपलीखाली दबून जातात.

आता भाजण्याविषयी थोडे. फळे घालून भट्टीत भाजलेले गोड पदार्थ आपण साहेबाचे मानतो. तसे म्हणायला थोडा आधार आहे. पण भाजण्याची कल्पना काही साहेबाची नव्हे. कोकणात तवशाचे, म्हणजे मोठ्या जून काकडीचे धोंडस करतात. काकडीचा कीस, रवा किंवा कणी, गूळ, नारळ एकत्र शिजवून पातेल्यात थापतात, खाली मंद निखारे आणि वर झाकणावरही निखारे ठेवतात. पिकलेले केळे तांदळाच्या पिठात कुसकरून, पानात गुंडाळून भाजले की केळ्याची पानगी झाली. गोव्याची बेबिंका तर एकेक थर वरच्या आचेवर भाजूनच घडते. राजस्थानात शेणाच्या गोवऱ्यांच्या राखेत बाटी भाजतात. वरून-खालून आच द्यायची, हे तत्त्व सगळीकडे एकच.

राजस्थानची स्थापना १९४९ साली झाली आणि जयपूर राजधानी झाली. त्यानंतर सरकारी नोकरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे तिथे स्थायिक झाली, त्यांत आमचे एक. आमच्या घरी भट्टी नव्हती. वाळू मात्र जयपुरात हवी तेवढी. आई बनास नदीची वाळू चाळून, धुऊन, वाळवून एका जुन्या पातेल्यात भरी. पातेले कोळशाच्या शेगडीवर तापवी. वाळूत तूप लावलेला पितळी डबा रोवी आणि झाकणावर निखारे ठेवी. त्यात केळ्यांचा केक होई. फार पिकून काळी पडलेली केळी, जी कुणी खात नसे, ती त्याच्यासाठी उत्तम; पिकताना केळ्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून साखर कमी लागते. एकदा तिने अननसाचा प्रयोग केला. ताज्या अननसाचे तुकडे तसेच आटवलेल्या दुधात मिसळून ठेवले आणि तासाभराने पाहते तो दूध कडू झालेले. शेजारच्या काकीजी हसून म्हणाल्या, आधी शिजवायचे, मग दुधाला दाखवायचे. त्यामागचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. कच्च्या अननसात प्रथिने तोडणारा एक पाचक घटक असतो. उष्णतेने तो निकामी होतो. कच्च्या पपईतही असाच घटक असतो, म्हणून आपल्याकडे मांस मऊ करायला पपईचा कीस लावतात. राजस्थानात पपईऐवजी काचरी नावाचे छोटे रानटी फळ ते काम करते; रजपुतांचे सुळे काचरीशिवाय होत नाहीत. तेव्हा फळ शिजवण्यात चवीइतकेच फळाचा स्वभाव ओळखणेही असते, आणि ही ओळख अनेक पिढ्यांच्या फसलेल्या पातेल्यांतून आलेली आहे.

ही ओळख कागदावर फार उशिरा आली. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. ते मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांपैकी अग्रगण्य. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि परगावी, परमुलखी गेलेल्या असंख्य मराठी मुलींच्या सामानात ती जाऊन बसली. या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. पण पुस्तक प्रमाण सांगते. कमी काय पडेल, हे त्याला ठाऊक नसते. जयपूरच्या मराठी घरात नारळ नसताना काय करावे, आमसूल संपल्यावर अमचूर किती घालावे, लूच्या दिवसांत साखरांब्याला कितपत आटवावे, हे कोठेही छापलेले नाही. आमच्या आईच्या एका वहीत डाव्या पानावर ‘मेथांबा’ आणि उजव्या पानावर काकीजींच्या सांगण्यावरून उतरलेली ‘लौंजी’ लिहिलेली आहे. दोन्ही पानांना एकाच हळदीचा डाग आहे. अशा वह्या घरोघर असतात. घर बदलताना रद्दीच्या गठ्ठ्यात त्या सहज जातात. त्या गेल्या, की इतिहासाचे जे पान जाते, ते कोणत्याही संग्रहालयात परत मिळत नाही. म्हणून माझी श्रोत्यांना विनंती आहे, की आपल्या घरातली अशी वही शोधून ठेवावी. आणि वही नसेल, तर जी बाई अजून अंदाजाने मीठ घालते, तिच्याजवळ बसून तो अंदाज लिहून घ्यावा.

आज जयपूरच्या मुहाना मंडीत दक्षिणेकडचे आंबे मार्चमध्येच येतात. अननस, पपई, केळी बारा महिने मिळतात. चैत्रगौरीची कैरी आता कोपऱ्यावरच्या गाडीवर असते आणि तिच्यासाठी कुणाच्या पिशवीची वाट पाहावी लागत नाही. हे चांगलेच झाले. टंचाईचे कौतुक ज्याने ती भोगली नाही, त्यानेच करावे. फक्त एक गोष्ट त्याबरोबर निसटू पाहते. फळ दुर्मीळ होते, तेव्हा ते वाटून खाल्ले जाई, आणि वाटीबरोबर कृतीही शेजारी जाई.

गेल्या चैत्रात आमच्या घरी हळदीकुंकू झाले. गणगौरीचे घेवर घेऊन शेजारच्या घरातली सून आली. काकीजी आता नाहीत. ही त्यांची नातसून. तिने वाटली डाळ चाखली आणि विचारले, “यात कैरी किती घालता?” माझ्या पत्नीने वाटी दाखवली, मग थोडा विचार करून म्हणाली, “कैरी किती आंबट आहे, ते आधी चाखून पाहायचे.” ती मुलगी कैरीची फोड तोंडात घालून डोळे मिटून बसली. जाताना तिच्या हाती डाळीची वाटी होती. ती वाटी अजून परत आलेली नाही; लौंजीचे दिवस आले, की भरून येईल.